साहेबांच्या स्वागताला फिनाईल

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं, आणि वडील कशाचा तरी निषेध केल्याशिवाय जेवत नसत. त्यामुळे शहराचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर पाणी तपासायची नोकरी लागली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. मला मात्र क्रांतीच्या मुख्य कार्यालयात आल्यासारखं वाटलं. अख्ख्या शहराची विष्ठा! सगळ्या जाती, सगळे पक्ष, एकाच पंगतीला.

टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे जिवंत जिवाणू. त्यांना कधी हवा द्यायची, कधी बंद करायची, की ते मैल्यातलं नत्र आणि स्फुरद संपवतात. उरलं तर ते ओढ्यातून थेट माझ्या मामीच्या मासे पाळायच्या तळ्यात. शेतात ते खत, तळ्यात शेवाळ. प्लांट नव्हता तेव्हा तळं हिरवंगार झालं होतं आणि मामीचे रोहू मासे पहाटे हवेसाठी तोंडं वर काढून मेले होते. यंदा तिनं धीर करून पुन्हा मत्स्यबीज सांगून ठेवलं होतं.

अशात तपासणीला मोठे अधिकारी येणार असं कळलं. प्लांट चालवणाऱ्या ठेकेदाराच्या साहेबांनी रस्त्याला चुना मारला, गेटला झेंडू बांधला, मग नाक दाबून म्हणाले, "लय वास मारून राहिला. टाक्यांत फिनाईल ओता."

"साहेब, जिवाणू मरतील!"

"मग? जंतू मारायलाच प्लांट बांधला ना?"

"हे जंतू आपले कामगार आहेत."

"घ्या! आता जंतूंची युनियन काढा तुमी."

मी युनियनवर बोलायला लागले, तोवर पहिल्या टाकीत कॅन रिकामे झाले. दुसऱ्या टाकीच्या कॅनवर मी फतकल मारून बसले.

"ऊठ ना बाई," साहेब काकुळतीला आले. "पाहुण्यांना सिद्धेश्वर धरणावर मासे खायला न्यायचंय."

मासे म्हणे! मी हलले नाही. अधिकारी आले, "वा, दवाखान्यासारखं स्वच्छ," म्हणाले आणि जेवायला गेले.

दुपारी पहिली टाकी राखाडी पडली, वर फेस. मी तिचा ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला. साहेब ढेकर देत परतले, टाकी पाहून ढेकर अर्धाच राहिला.

"आता कसं गं?"

"हे पाणी टँकरनं उपसायचं. मग दुसरीतला गाळ घालून विरजण लावायचं. तोवर सगळ्या शहराचा भार एकट्या दुसरीवर. ती किती खाणार? उरलेलं ओढ्याला जाणारच."

त्यांच्यासमोरच मी स्पीकर लावून मामीला फोन केला. "मामी, बीज एवढ्यात सोडू नको."

"काहून गं?"

मी सांगितलं. मामी म्हणाली, "पाव्हणे आले की आमी घर झाडतो. घरातली माणसं मारत न्हाई."

साहेब ओशाळून फोनजवळ वाकले. "मावशी, पाणी बराबर झालं की मी स्वतः कळवतो."

"तुमी नका कळवू," मामी म्हणाली. "पोरगी कळवील."