कोकवाल्या मॅडम

“‘चालेल’ नाही. टिकतो की नाही, तेवढं सांग.”

परळच्या आमच्या लॅबमध्ये कुणी ‘चालेल’ म्हटलं की मॅडम तळहात वर करून त्याला तिथंच थांबवायच्या. तुम्हीच सांगा, मुंबईत हा शब्द टाळून दिवस निघतो का? चहा अगोड झाला, चालेल. पंखा बंद आहे, चालेल. एकदा त्यांच्याच डब्यातली भाजी मी ‘चालेल’ म्हणून घ्यायला गेलो, तर त्यांनी झाकणच लावलं. मग हसल्या आणि जरा जास्तच वाढली.

पोलाद कारखान्यांच्या भट्टीत जाणारा कोक आमच्याकडे तपासायला यायचा. म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. आम्ही तो वायूत तापवायचो, मग ड्रममध्ये घालून फिरवायचो. भुगा किती झाला, तुकडे किती शाबूत राहिले, हे मॅडम स्वतः बघायच्या.

एका जुन्या पार्टीचा कोक फारच ठिसूळ निघाला. आमचे मालक स्वतः लॅबमध्ये आले.

“मॅडम, थोडाच तर कमी आहे. चालेल की.”

मॅडमनी हात वर केला नाही. खुर्ची ओढून बसल्या.

“तरुणपणी मी एका कारखान्यात होते. असाच कोक आला. भट्टीवरून फोन करून विचारलं, वापरू का? मी म्हटलं, चालेल. साहेब, भट्टीत खनिज वितळतं, घट्ट राहतो तो फक्त कोक. वरचा सगळा भार त्याच्यावर. त्याच्याच फटींतून वायू वर जातो आणि लोखंड खाली झिरपतं. त्या दिवशी त्याचा भुगा झाला, फटी बुजल्या. माल वरच अडकला आणि एकदम कोसळला. तापलेला वायू बाहेर फुटला. तिथं एक फिटर उभा होता.”

एवढं बोलून त्यांनी रिपोर्टवर सही केली.

रिपोर्ट होता तसाच गेला. पार्टीही गेली. थोड्याच दिवसांत मालक मान खाली घालून म्हणाले, “मॅडम, आता कोकचं काम उरलं नाही.” मॅडमनी अ‍ॅप्रन काढून घडी घातली. आम्ही निरोपाचं काही करूया म्हणालो, तर “कशाला रे” एवढंच म्हणाल्या.

वर्षभरात त्या गेल्या. तेराव्याला त्यांच्या गिरगावच्या खोलीत भाची आणि आम्ही मोजकेच होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कानापासून गळ्यापर्यंत कातडी आवळलेली.

“आपण?” भाचीनं विचारलं.

“मॅडमच्या जुन्या कारखान्यातला. फिटर होतो.”

तो माझ्या शेजारी बसला. जरा वेळानं हळूच म्हणाला, “त्यांनी सगळं सांगितलं होतं मला. दरवर्षी घरी यायच्या. माझ्या आईशी बोलायच्या, मुलींशी बोलायच्या. माझ्याकडे मात्र कधी बघितलं नाही. किती वेळा म्हटलं, मॅडम, बघा की, बरा आहे मी.”

फोटोतल्या मॅडम सरळ समोर बघत होत्या. तो उठला आणि बरोबर त्या नजरेसमोर जाऊन बसला.