लोकरीचे भोपळे

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला धुळ्याला माहेरी आणून सोडलं. वर्षभर ती कुणाशी धड बोललीच नाही. मग सुरतेचा एक व्यापारी आमच्या गल्लीतल्या बायकांना विणकाम देऊ लागला. क्रोशाने केशरी लोकरीचा भोपळा विणायचा, आत कापूस भरायचा आणि वर काळ्या कापडाचे डोळे न् दात शिवायचे. "परदेशात भुतांचा सण असतो, तेव्हा घरात टांगतात," असं तो म्हणाला.

ताईने ते काम फार मनावर घेतलं. पण तिच्या हातून भेसूर तोंड काही होईना, प्रत्येक भोपळा हसराच व्हायचा. व्यापाऱ्याने तिचा सगळा माल परत केला.

"अक्का, ही तर तान्ही बाळं दिसतात. यांना कोण घाबरणार?"

दिवाळीत ताईने त्याच भोपळ्यांचं तोरण करून दाराला बांधलं. शेजारची काकू येता येता थबकली.

"भूतनं तोंड दारले कोन बांधस, माय? तुन्हा हातच आसा अपशकुनी शे."

ताईने तोरण सोडलं आणि मागच्या दारी बसून एकेक भोपळा उसवायला घेतला.

"एक तरी मला ठेव ना," मी म्हणाले.

"काय करशील त्याचं?" म्हणत तिने तोही उसवला.

त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. कुणी विचारलं तर डोळे दुखतात म्हणायची. सासरहून बोलावणं आलं नाही. पुढे आईनेही तो विषय काढायचं सोडलं.