हिंमतरावांची रिकामी डबी

हिंमतरावांना एक गंभीर दुर्गुण होता. जे ठाऊक नाही, ते ‘माहीत नही’ असे ते चारचौघांत सांगत. कोरीटच्या शेतकरी घरातून येऊन अक्कलकुव्यात संगणकाचे काम करणाऱ्या या गृहस्थांना प्रतिष्ठा कशी लाभावी? आमच्या वसतिगृहाचे सचिव याच्या अगदी उलट, परमेश्वराखालोखाल सर्वज्ञ.

डोंगरातील मुलींच्या त्या वसतिगृहाच्या समितीवर मी, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, शोभेपुरता होतो. प्रवेशयादीचे संगणकावरचे पान हिंमतरावांनी जावा या संगणकभाषेत रचले होते. यादीच्या दिवशी आईबाप डोंगर उतरून अंगणात बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना ऊसतोडीसाठी गुजरातेत निघायचे होते. त्याआधी मुलींची सोय लागायला हवी होती. आणि पान उघडेना. ‘कागद मंजूर का?’ हा रकानाच त्याला सापडत नव्हता.

“चूक मन्ही शे, गुरुजी,” हिंमतराव म्हणाले. “साधं बूलियन म्हणजे हो, नहीते नही. त्याले ‘इज’ नावनी वाट चालस. मी ते डबीमा ठेयेल शे. तिले ‘गेट’ नावनीच वाट लागस. सवयमा ‘इज’ लिखी टाकं.”

मंत्र चुकला तर देवता येत नाही, हे मी जाणून होतो. यंत्रही इतके कर्मठ असेल, अशी कल्पना नव्हती.

“मंग डबी काढी टाक ना भाऊ!” सचिव गरजले. “साधं कर. लोके बशी ऱ्हायनात.”

“साधं करं, तर जठे काहीच नही तठे ‘नही’ उमटी. अकरा पोरीस्ना कागद तुम्ही उघडेलच नहीत, साहेब. खाली डबी म्हणजे नकार नही.”

त्या कागदांचा गठ्ठा सचिवांच्या कपाटात पंधरवडाभर समाधिस्थ होता.

“तू माले शिकाडशी?”

“नही साहेब. फक्त नाव बदलस.”

‘इज’च्या जागी ‘गेट’ आले आणि पान उघडले. अकरा नावांपुढे, सर्वांदेखत, ‘अजून पाहिले नाही’ असे उमटले. एक आई उठून शांतपणे म्हणाली, “मंग आता पाहा ना. आम्ही बसतो.”

दुपारपर्यंत अकराही जणींना प्रवेश मिळाला. सचिवांचा त्यांच्या तत्परतेबद्दल सत्कार झाला. नारळ मीच दिला, हे लपवीत नाही.

पुढच्या वर्षी ते काम सचिवांच्या भाच्याकडे गेले. हिंमतराव खापर गावात लोकांचे अर्ज भरून देऊ लागले. निरोप घेताना एवढेच म्हणाले, “गुरुजी, तेवढा गठ्ठा उघडत ऱ्हायजात.”

मी एकदाच विचारले. कपाटाची किल्ली सचिवांकडे असते, असे कळले.

भाच्याचे पान मात्र चटकन उघडते. त्यात दोनच उत्तरे आहेत, हो आणि नाही. डोंगरातल्या आईबापांना आता अंगणात ताटकळावे लागत नाही. नकार तत्काळ मिळतो.