मशीनला सांगितलेली तारीख

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो, मग हसू येतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट, दुष्काळाचं साल, नोव्हेंबरची सुरुवात. आमच्या हद्दीतल्या सहकारी साखर कारखान्यात संगणक आला होता. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळीची यादी त्यातून निघे. रानात उभा ऊस वाळत होता, त्यामुळे साऱ्यांचे डोळे त्या यादीकडे.

तेवढ्यात मशीन बिघडलं. पुण्याहून इंजिनिअर आला, दुरुस्त करून टेपवरची जुनी माहिती परत भरली, मशीन बंद केलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून मशीन भलतंच बोलू लागलं. यादी मागितली की ‘एकही नोंद नाही’. फाईल मागितली की ‘ही पुढच्या काळातली आहे’. त्यातच मी फौजदार असलेल्या ठाण्यात निनावी चिठ्ठी आली: मशीन चालवणाऱ्या बाईनं यादी मुद्दाम पुसली. मॅनेजरनं पुरावाही आणला. फाईलींवर बदलाची तारीख होती अकरा मे. त्या दिवशी कार्यालय बंद, आणि किल्ली बाईंकडे!

बाई तेर गावच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्या घरात पगाराची नोकरी पहिल्यांदा त्यांनाच लागलेली. गुन्हा नोंदला असता तर ती गेलीच असती. महिला शिपाई सोबत घेऊन मी त्यांना सकाळीच घरून ठाण्यात आणलं. खरं तर जबाब त्यांच्या घरीच घ्यायला हवा होता. पण माझं मत आधीच पक्कं झालं होतं.

दोन तास मी तेच तेच विचारत राहिलो.

“साहेब, म्या काईच पुसलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “मशीन चालू झालं, त्यानं तारीख इचारली, म्या दिली. एवढंच.”

“रोज विचारतं?”

“न्हाय. आधी ते कधी बंदच व्हत नव्हतं. ह्या खेपेला पहिल्यांदाच माझ्यावर वेळ आली.”

“काय तारीख दिली?”

“पाच नोव्हेंबर. शून्य पाच, अकरा.”

अंमलदारानं जबाबात ५/११ लिहिलं. मी ते आकडे उलट्या बाजूनं वाचले आणि ताठ बसलो. पाचवा महिना, अकरा तारीख!

लगेच पुण्याला ट्रंककॉल लावला. इंजिनिअर म्हणाला, “त्या मशीनला आधी महिना, मग दिवस. सांगायचं राहिलंच!” म्हणजे मशीन बिचारं मे महिन्यात बसलं होतं. ज्या फाईलीला हात लागला तिच्यावर मे पडला, आणि हंगामातल्या सगळ्या नोंदी त्याच्या लेखी अजून व्हायच्या होत्या. कारखान्यात जाऊन बाईंनी तारीख नीट दिली. यादी सरसर छापून निघाली. मॅनेजर खाली बघत होता, मीही.

परत सोडताना म्हणालो, “बाई, वेशीवर उतरवतो. उगाच चर्चा नको.”

“न्हाय साहेब. सकाळी गल्लीतनं नेलं, लई लोकं बघत व्हती. तिथंच सोडा, अन् तुमच्या तोंडानं सांगा.”

जीप गल्लीत नेली. गणवेशात खाली उतरून मोठ्यानं म्हणालो, “बाईंचा काही दोष नाही. चूक माझी झाली.” त्यांच्या सासूनं आधी सुनेला आत घेतलं, मग मला पाणी विचारलं.

साध्या सवयीनं झालेल्या चुकीला आम्ही पोलीस फार लवकर हेतू चिकटवतो. पुढच्या सबंध नोकरीत कुणी निर्दोष निघालं की, ज्या दारातून त्याला नेलं त्या दारापर्यंत मी स्वतः सोडायला गेलो.