आत्याआजीचा माफीचा डबा

केजमध्ये कोणाचा अपराध करून उपाशी राहिलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि याचं सगळं श्रेय तुमच्या आत्याआजीला. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आमच्या दोन घरांमध्ये एक कडुलिंब आहे, आणि त्याच्या सावलीपेक्षा वन्संचा आवाज लांब पोहोचतो.

तोंडी क्षमेवर वन्संचा विश्वास नाही. "माफ केलं म्हनायला काय लागतं? पोटात गेलं म्हंजी खरं," असं त्या म्हणतात. म्हणून ज्यानं त्यांचा अपराध केला असेल त्याच्या घरी पितळी डबा जातो. त्यात पाच गरम धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. निरोप काहीच नसतो. आपलं पाप आपणच आठवायचं. समोर राहणाऱ्या बँकेतल्या कारकुनाला पहिल्यांदा डबा मिळाला, तेव्हा तो घाबरून धावत आला आणि त्यानं एका दमात चार गुन्हे कबूल केले. त्यानं रविवारी नमस्कार केला नाही, एवढंच वन्संचं गाऱ्हाणं होतं. त्या चारांतला एकही गुन्हा त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आठवडाभरात आणखी चार डबे पाठवले.

काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या ड्रायव्हरनं तर यातली मेख लवकरच ओळखली. भूक लागली की वन्संच्या दुपारच्या झोपेच्या वेळी तो नेमका त्यांच्या फाटकापाशी हॉर्न वाजवी. "वन्सं, तो मुद्दाम करतो," मी एकदा सांगितलं. "मला ठावं हाय की," त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "मुद्दाम पाप करनाऱ्याला जास्तच भूक आसती." आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनीही त्यांना हळूच विचारून पाहिलं, की आधी पश्चात्ताप आणि मग क्षमा, असा क्रम नको का? वन्संनी त्यांच्याही ताटात धपाटा वाढला. "प्रभूनं आपल्याला तारायच्या आदी इचारलं व्हतं का, साहेब? खावा, गरम हाय तवर."

मला मात्र चौदा वर्षांत एकदाही डबा आला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. माझ्या घरात चमचेसुद्धा रांगेत असतात. मला वाटे, माझं वागणंही तसंच. एकदा बाजारातून येताना मी ही गोष्ट जीपमध्ये मोठेपणानं सांगितली. ड्रायव्हरनं गाडीच बाजूला घेतली. "चौदा वर्सांत एकबी न्हाई? बाई, मंग तुमचं कायतरी लई मोठं आसल बघा."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग आठवलं. प्रभुभोजनाच्या रविवारी, कोणाविषयी मनात अढी असेल तर आधी समेट करा, मगच प्रभूची भाकर आणि पेला घ्या, असं पाळकसाहेब सांगतात. नेमक्या त्याच वेळी वन्सं उठून बाहेर जातात आणि पायरीवर, चपलांशेजारी बसतात. आम्ही सगळे म्हणायचो, गुडघे दुखत असतील. पुढच्या प्रभुभोजनाला त्या उठल्या, तशी मीही उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"वन्सं, मला डबा का नाही?"

त्यांनी आधी कोणाच्या तरी चपला सरळ केल्या. मग म्हणाल्या, "त्येंचा कोट. तू धुतलास."

चौदा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले, तेव्हा मी तीन दिवसांत त्यांचं घर आरशासारखं केलं होतं. खुंटीवरचा तपकिरी कोट साबणानं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

"बिडीचा न् निलगिरीचा वास व्हता त्याला. तेवढाच ऱ्हायला व्हता. वाईट मनानं केलं आस्तंस, तर त्याच दिशी डबा धाडला आस्ता. तू चांगल्या मनानं केलंस. आता त्याला कसं माफ करावं, सांग!"

इंग्रजी शाळेनं मला कोणाचा नुसता खांदा लागला तरी सॉरी म्हणायला शिकवलं होतं. त्या दिवशी तो शब्द उपयोगाचा नव्हता. "चुकलं माझं, वन्सं," एवढंच मी म्हणाले, आणि चौदा वर्षं वन्संनी माझ्यापायी प्रभूचा पेला चाखला नाही, हे कळून मला रडूच आलं. वन्संनी आपल्या पदरानं आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं. "चल आत, भाकर संपंल." आम्ही दोघी नव्या नवरा-नवरीसारख्या हात धरून आत गेलो. पाळकसाहेब ताट घेऊन थांबलेच होते.

दुसऱ्या दिवशी डबा आला. माझ्या एकटीसाठी अठरा धपाटे! तीन दिवस तेच खाल्ले. मग डबा चिंचेनं घासून, लखलखीत करून परत नेला. वन्संनी त्यात डोकावून पाहिलं. "बघ, पुन्ना धुतलास," त्या म्हणाल्या, आणि आम्ही इतक्या हसलो की हॉर्न वाजवायला आलेला ड्रायव्हर हॉर्न विसरून बघत राहिला.

आता वन्संचे हात थरथरतात. धपाटे मी थापते. त्या खुर्चीत बसून, कोणाकोणाला पाठवायचे ती नावं सांगतात. पहिला तव्यावरून उतरला की म्हणतात, "ह्यो तुझा."

"आता मी काय केलं?" मी सुरुवातीला विचारायची.

"करशील की."

हल्ली मी विचारत नाही. गरम आहे तोवर खाऊन घेते.