ईश्वरअप्पांचा लावारिस गाडा

वालूरला आमच्या घराला लागून ईश्वरअप्पांचं किराणा दुकान होतं. माणूस लिंगायत वाणी, पण हात सुताराचे. गिऱ्हाईक गुळासाठी ताटकळलेलं असायचं आणि हे तागडीचा दांडा सोडून त्याचा खिळा ठोकत बसायचे. कुणाचा रहाट करकरला, कुणाचं कुलूप अडलं, की गाव त्यांच्याकडे. त्यांनी दुकान नीट चालवलं असतं तर माडी बांधली असती, असं आमचे वडील म्हणायचे. नाही बांधली ते बरंच झालं.

त्यांची बायको चन्नबसम्मा कडब्याच्या गंजीवरून पडली आणि तिची कंबर कायमची गेली. घरात सरपटत का होईना, ती सगळं करायची. पण तिचं माहेर जिंतूरच्या पलीकडं, आणि तिथं म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. लोखंडी धावेच्या चाकांच्या, हादरे देणाऱ्या बंडीतून तिला एकदा नेऊन पाहिलं. शीव ओलांडेपर्यंत तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. अप्पांनी तिथूनच बैल माघारी वळवले. त्यानंतर चार वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडली नाही.

देशमुखांची मोटार ओढ्यात उलटून तिचा ड्रायव्हर मेला होता. ते धूड त्यांच्या गोठ्यामागं गंजत पडलेलं. अप्पांनी त्याचा मागचा आख, चाकं, स्प्रिंगा आणि सांगाड्याच्या दोन लोखंडी पट्ट्या विकत घेतल्या. पावती मागायची असते, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. देशमुखांच्या गोठ्यात पावती मागणारा माणूस तेव्हा जन्मायचा होता.

लोखंड लिंबाजी लोहाराच्या भट्टीवर आलं. लिंबाजी त्याला हात लावीना.

"अप्पा, ह्या लोखंडानं मानूस नेलाय. त्याच्यावरची पयली खूण घासल्याबिगर ते घरात घ्यायचं न्हाई. मेलेला खुणेवर परत यतो."

आमच्याकडं ही रीतच होती. एका पट्टीवर कंपनीनं कोरलेले आकडे होते. लिंबाजीनं पट्टी तापवून दिली आणि निवल्यावर अप्पांनी स्वतः कानस चालवली. आकडे गेले, लोखंड लख्ख झालं. त्यावर त्यांनी विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि कामाला लागले. घरची बाई त्यात झोपायची होती, म्हणून रीतीत काही कसर राहू नये असं त्यांना वाटलं. एवढीच काय ती त्यांची चूक.

गाडा झाला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. बाभळीच्या फळ्या, खाली मोटारीच्या स्प्रिंगा, रबरी चाकं, पुढं बैलांचं जू. चन्नबसम्माला उचलून गादीवर ठेवलं आणि आम्ही गाड्याबरोबर चालू लागलो. महादेवाचं देऊळ मागं पडलं, शीव मागं पडली. आडवी झालेली चन्नबसम्मा आभाळाकडं बघत म्हणाली, "अहो, निघालो का न्हाई अजून?"

अप्पा आयुष्यात एवढे हसलेले मी पाहिले नाहीत.

जिंतूरच्या नाक्यावर पोलीस जवानानं काठी आडवी धरली. रबरी चाकाच्या प्रत्येक वाहनाला नंबर पाहिजे, सांगाड्यावर कोरलेला आणि बनवणाऱ्याच्या नावासकट, असा निजाम सरकारचा हुकूम निघाला होता. गाडा बाईसकट तहसील कचेरीत नेला. तिथं तहसीलदारांचे कागद बघणारे चंद्रभानराव पेशकार बसायचे. रुमी टोपी, तोंडात पान, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडं न बघता बोलायची सवय.

"ही मोटार हाय का बंडी?" त्यांनी विचारलं.

"गाडा हाय सायब. मीच केलाय."

"इंजन न्हाई, म्हणजे मोटार न्हाई. रबरी चाकं हायत, म्हणजे बंडी न्हाई. मंग तू केलंस तरी काय?"

अप्पा म्हणाले, "बाईला माहेरी न्यायचंय." प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच, पण खरं उत्तर तेवढंच होतं.

पेशकारांनी जवानाला गाड्याखाली वाकायला लावलं. घासलेली जागा सापडली आणि त्यांचा चेहरा खुलला. नंबर खरवडलाय, म्हणजे माल चोरीचा. लिंबाजीची रीत अप्पांनी सांगून पाहिली. पेशकार हसले, शेजारचे कारकून त्यांच्याकडं बघून हसले. हे चंद्रभानरावही आपल्याच मुलखातले, त्यांच्या आजानंही असलं लोखंड तसंच घरात घेतलं नसतं. पण खुर्चीवर बसलं की माणसाला आपला आजा आठवत नाही.

देशमुखांकडं विचारणा गेली. त्यांनी कानावर हात ठेवले. मोटारीचं काही विकलंच नाही म्हणाले.

गाडा जप्त झाला. चन्नबसम्माला उतरवून भाड्याच्या बंडीत घातलं, लोखंडी धावेच्या. माहेर तिथून गावापेक्षा जवळ होतं, पण पेशकारांनी अप्पांना सरळ वालूरला जायला फर्मावलं. त्या परतीच्या वाटेचं मी काही लिहीत नाही. गावात शिरताना तिचा खालचा ओठ फाटलेला होता.

नंतर दर बाजाराच्या दिवशी अप्पा कचेरीत जायचे. गाडा आवारात लिंबाखाली. त्यावर कोंबड्या बसायच्या, गादीवर शिटायच्या. एकदा तर तो जागेवरच नव्हता. चौकशी केली तर पेशकारांच्या म्हशीचा कडबा आणायला गेलेला. म्हणजे नंबर नसलेला गाडा कडबा वाहू शकत होता, फक्त बाई वाहू शकत नव्हता. गाडा परत आल्यावर अप्पा कोरड्या फडक्यानं फळ्या पुसून घरी आले.

शेवटी पेशकारांनीच वाट दाखवली. अप्पांनी जबाब द्यायचा की हा गाडा माझा नाही, मी केलेला नाही, ओढ्यात बेवारस सापडला. मग सरकार त्याचा लिलाव करणार, अप्पांनी बोली बोलायची, आणि गाडा नंबरासकट कायदेशीर त्यांचा.

"पन तो मी केलाय," अप्पा म्हणाले.

"केलास तर चोर. सापडला तर मालक. बघ बाबा."

सहा महिने अप्पा अडून बसले. त्या माणसाला दुसरी कसली हौस नव्हती, दागिना नव्हता, मानपान नव्हता. 'हे मी केलं' एवढंच म्हणायचं सुख होतं, आणि नेमकं तेवढंच त्यांना थुंकून टाकायला सांगितलं होतं. मग माहेरून निरोप आला की म्हातारीनं अन्न सोडलंय.

चन्नबसम्मा भिंतीला टेकून बसली होती. "नाव कुनाचं बी लागू द्या," ती म्हणाली. "मला आईला बघायचंय."

अप्पांनी अंगठा दिला.

लिलावात गाडा अप्पांकडं आला आणि त्याच्या मागं लोखंडी पत्रा ठोकला गेला. वर नंबर, आणि खाली बनवणाऱ्याच्या नावाच्या जागी उर्दूत एकच शब्द, लावारिस. अप्पांनी तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि गावभर झाला. चन्नबसम्माला आई भेटली. म्हातारी त्यानंतर पंधरवडाभर जगली, लेकीच्या हातची पेज पिऊन. ते सार्थक झालं, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून अप्पा गाड्यात कधी बसले नाहीत, बैलांबरोबर चालायचे. वाटेत कुणी विचारलं, "काय झकास गाडा हाय, कुनी केला?" तर म्हणायचे, "सापडला."

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर दवंडी आली की जुन्या नंबरांची वाहनं नव्यानं नोंदवून घ्यावीत. अप्पांनी गाडा धुतला, चाकांना तेल दिलं, चन्नबसम्माला नवं लुगडं नेसायला लावलं. आता आपलं राज्य आहे, आता नाव लागेल, असं ते वाटेत तीनदा म्हणाले.

कचेरीत तीच खुर्ची, तेच चंद्रभानराव. रुमी टोपी जाऊन पांढरी आली होती. पान तेच.

"बनवणाऱ्याचं नाव?"

"ईश्वरअप्पा. मीच."

पेशकारांनी जुना जबाब काढून पुढं सरकवला. "हा अंगठा कुनाचा?"

"माझाच हाय."

"मंग तूच म्हनलास की तू केला न्हाई. सरकार बदललं म्हनून अंगठा बदलतो का? लावारिसच ऱ्हाईल. आता मराठीत लिहू."

अप्पा बाहेर आले, गाड्यातल्या पिशवीतून कानस काढली आणि मागचा पत्रा उचकटला. सोबत आलेला मी जागचा हललो नाही. चन्नबसम्मानं हात पुढं केले आणि पत्रा फळीवर घट्ट दाबून धरला. कानशीचा आवाज ऐकून कचेरीतले सगळे दारात आले.

"सरकारी पत्रा हाय तो," चंद्रभानराव म्हणाले.

"मेलेल्या सरकारची खूण हाय," अप्पा वर न बघता म्हणाले. "ती घासल्याबिगर लोखंड घरात न्यायचं न्हाई."

नंबर गेला, खालचा शब्द गेला. अप्पांनी पत्रा होता तिथं परत ठोकला आणि विभूतीची तीन बोटं ओढली. जवान पेशकारांकडं बघत होता, पेशकार जवानाकडं. हुकूम कुणी देईना. मग आठ वर्षांत पहिल्यांदा अप्पा गाड्यात चढून बसले आणि त्यांनी कासरा हातात घेतला.

चन्नबसम्मा आडवी होत म्हणाली, "अहो, निघालो का न्हाई अजून?"