शिकून राहिली

फळा पुसताना खडूची पूड मनगटावर पडली की मला कोराडीची सकाळची बस आठवते. तिच्या खिडकीच्या गजांवर वीजकेंद्राच्या राखेचा असाच थर असायचा. पीएच.डी.चं तिसरं वर्ष होतं. मांडीवर ग्रंथालयाची जाडजूड पुस्तकं आणि शेजारी आमच्या कॉलनीतल्या एक काकू. "काय करून राहिली वं आता?" त्यांनी विचारलं. "शिकूनच राहिली," मी म्हणाले. विषय विणकरांच्या बोलीतले शब्द, आणि खर्चाला सरकारची फेलोशिप, हेही सांगितलं. काकू रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं म्हणाल्या, "माह्या आजाचे शब्द जमा करायले सरकार काहून पैसे देते? त्याचा माग बंद पडला, तवा तं कोणी आलं नाही." पुढच्या सीटवरच्या दोघांनी मान डोलावली. या प्रश्नाचं उत्तर मी प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य त्या बसमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. मी बाहेरचे कोळशाचे ट्रक बघत बसले. उतरताना काकूंनी कुणालातरी माझी ओळख करून दिली, "आमच्या कॉलनीतली पोरगी. शिकून राहिली." आता मी पुण्यात शिकवते, एकटी राहते. परवा वर्गात तेच दोन शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारला. आमच्याकडे त्याचा अर्थ 'शिकते आहे' एवढाच. इथली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे शिकली, आणि राहून गेली." चूक दुरुस्त करायला मी खडू उचलला, आणि तसाच खाली ठेवला.